फुकटबाईची बोटं

आमच्या ऑफिसात तिला सगळे फुकटबाई म्हणायचे. नाव मीच पाडलं. आम्ही पाण्याचे पंप विकतो. मी स्टोअर सांभाळते, ती आकडे. आल्या आल्या तिनं महागडी सॉफ्टवेअरं काढून टाकली आणि फुकट मिळणारी बसवली. त्यात साठा कळतो, विक्रीचे आलेख निघतात, कुठला पंप वॉरंटीतच जळतो तेही समजतं. "फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, खोट असली तर सगळ्यांना दिसते. यात आतलं सगळं उघडं असतं."

डाव्या कानानं तिला ऐकू येत नसे. नवऱ्यानं थोबाडीत मारली तेव्हा कानाचा पडदा फाटला होता. तोही सॉफ्टवेअरवालाच. कानानंतर जबडा, मग बरगडी. एकदा त्यानं तिचं तोंड उशीखाली दाबून धरलं, तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. पुढच्या गावातही त्यानं गाठून तुडवली. म्हणून ती इथं आली. खुर्ची भिंतीला टेकवून बसायची, तोंड दाराकडे. हा पत्ता त्याला कळू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

एक नाद मात्र सुटला नव्हता. आकडेवारी साफ करणारं एक सॉफ्टवेअर तिनं स्वतः लिहून टोपणनावानं लोकांसाठी खुलं ठेवलं होतं. कुठकुठले संशोधक ते वापरायचे, बिघाड दिसला की तिथंच सगळ्यांसमोर लिहायचे, आणि ही तिथंच उत्तर द्यायची. माणूस कोण ते विचारायचं नाही, तक्रार खरी का तेवढं बघायचं, असा त्यांच्यातला रिवाज.

एका संशोधकानं लिहिलं, मोठी फाइल घातली की शेवटच्या ओळी गळतात. हिनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. खरंच गळत होत्या. मग सवयीप्रमाणे पडद्यावर आलेला सगळा मजकूर तिनं जसाच्या तसा तिथं चिकटवला. त्यात आमच्या कॉम्प्युटरचं नाव होतं, आणि त्या नावात कंपनीचं.

संशोधक कसला डोंबलाचा. तो नवरा होता. तिची प्रोग्राम लिहिण्याची ढब त्यानं हस्ताक्षरासारखी ओळखली होती.

दोन दिवसांनी दुपारी तो काउंटरवर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पंपाची किंमत सांगत होते तोवर तो आत शिरला. तिचे केस धरून त्यानं तिचं तोंड टेबलावर आपटलं. दात उडून माझ्या पायाशी पडला. तिचा उजवा हात त्यानं ड्रॉवरमध्ये कोंबला आणि ड्रॉवरवर लाथ घातली. पुन्हा घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, सुकी काटकी मोडावी तसा. "लिही आता," तो म्हणत होता, अगदी शांतपणे. "लिही ना."

माझं डोकं फिरलं. पाइपचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तरी तिचे केस सोडेना. मग मनगटावर घातला. पुढचा टोला डोक्यातच घालणार होते. ती रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाली, "ताई, पुरे. तुम्ही आत जाल." म्हणून तो वाचला, आणि वाचला याचंच मला अजून वाईट वाटतं.

पोलिसांनी त्याला नेलं. जामिनावर तो सुटलाही. मी तिला म्हटलं, "बाई, ते सगळं पुसून टाक आणि दुसऱ्या गावी जा. मी सोय करते."

"ते पुसून जात नाही, ताई. प्रत्येकाकडे प्रत असते. मलाही नाही पुसता येत, त्यालाही नाही." मग म्हणाली, "आणि मी आता कुठं जाणार नाही."

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत बसली. बघते तर बाई बिघाड दुरुस्त करतेय. त्या नालायकानं दाखवलेली चूक खरी होती ना, लोकांचं संशोधन बिघडेल म्हणे. मी कपाळाला हात लावला.

दुरुस्ती लोकांना देताना, चूक ज्यानं दाखवली त्याचं नाव घेऊन आभार मानायचे, हाही त्यांचा रिवाज. तिनं टोपणनाव खोडून स्वतःचं खरं नाव घातलं. खाली त्याचं घातलं, आडनावासकट. मग मला वाचून दाखवलं:

"ही चूक माझ्या नवऱ्यानं दाखवली. मी कुठं लपले आहे ते शोधण्यासाठी त्यानं तक्रार लिहिली होती. मी सापडल्यावर त्यानं माझ्या उजव्या हाताची बोटं मोडली. दुरुस्ती डाव्या हातानं केली आहे. शेवटच्या ओळी आता गळत नाहीत."

"आभार राहिले की," मी म्हटलं.

"राहू देत," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.