बेंडमास्तरांचं कोपर

लोखंडी पाईप वाकवण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या बेंडमास्तरांचा उजवा हात एके दिवशी वाकेनासा झाला. पंखा पुसायला स्टुलावर चढले होते. स्टूल सरकलं, कोपर मोडलं, ते प्लास्टरमध्ये गेलं आणि बाहेर आलं ते लाकडासारखं.

जन्मभर त्यांनी जिन्यांचे कठडे केले. कारखान्यात या कामाला सगळे बेंडच म्हणत. पाईप बेंड करायचा, आणि झालेल्या वळणाचं नावही बेंडच. मास्तरांनी तो शब्द घरीदारी नेला. कोपऱ्यावरच्या रस्त्याला बेंड आहे, हळू जा. थोरला भाऊ रुसलाय, त्याला जरा बेंड करून येतो. मालक एखाद्या नियमाला मुरड घालू लागले की म्हणायचे, "करा बेंड, पण बेतानं. वाळू न भरता वाकवला तर चपटा होतो." कारण पाईप वाकवण्याआधी त्याच्या पोटात ठासून वाळू भरावी लागते. एवढा लाडका शब्द, पण स्वतःपुरता त्यांनी तो कधी वापरला नाही. चालायचे असे, की दाराच्या चौकटीनेच वर सरकावं.

आता हात तोंडापर्यंत येत नव्हता. डाव्या हाताचा अंगठा तरुणपणीच यंत्राने घेतलेला, त्या हातात चमचा टिकत नसे. मास्तरीणबाई ताट घेऊन समोर बसल्या.

"अहो, आ करा."

"मी काय तान्हं बाळ आहे?"

"तान्हं बाळ परवडलं. ते निदान वाद घालत नाही."

मास्तर उठले. खिडकीशी गेले, दाराशी आले, पुन्हा खिडकीशी. पडद्याचा दांडा सरळ होता तरी सरळ केला. "या हातानं घास घेईन तेव्हाच नीट जेवेन," म्हणाले. तोवर दूध आणि पेज वाटीला तोंड लावून पीत राहिले. पँट कमरेतून सुटायला लागली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई दवाखान्यात रोज तेच सांगायच्या. "काका, आपल्या ताकदीने जेवढं बेंड होईल तेवढंच करायचं. ओढायचं नाही. वेळ लागेल."

वेळ! तापलेला पाईप वेळ देतो का? लाल आहे तोवर वाकवला तर वाकला. मास्तरांना बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. नळ ठिबकला तरी ते घरातल्यांवर खेकसत.

एका दुपारी मास्तरीणबाई बहिणीकडे गेल्या. खिडकीचा गज मास्तरांनीच वाकवलेला होता, चांगल्या गोल वळणाचा. त्यांनी त्या वळणात मनगट अडकवलं. पाईप सोडला की थोडा मागे उघडतो, म्हणून हवा त्याहून जास्त वाकवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. हातही तसाच, असा त्यांनी हिशेब केला. डोळे मिटले आणि सगळं अंग खिडकीवर टाकलं.

मास्तरीणबाई परत आल्या तेव्हा ते खिडकीखाली फरशीवर बसले होते. कोपर सुजून मांडीएवढं झालं होतं.

पुढे सूज उतरल्यावर दवाखान्यात हाडाचा फोटो काढला. व्यायामाच्या बाईंनी तो उजेडात धरला. "ओढल्यामुळे आत नको तिथे हाड धरलंय. आता हात आहे तिथून फारसा पुढे येईल असं वाटत नाही."

"पाईपला असंच करतात."

"पाईप दुखतो का, काका?"

घरी येताना सगळ्या रस्त्याने मास्तर बायकोच्या चार पावलं पुढे चालले.

त्या दिवसापासून ते ताट मागू लागले, पण म्हणत, "ठेव आणि आत जा." एकदा मास्तरीणबाई मीठ द्यायला परत वळल्या आणि दारातच थबकल्या. मास्तरांनी मान थेट ताटात घातली होती. मालकापुढे न वाकलेली मान, वडिलांशी भांडताना न वाकलेली मान. मास्तरीणबाई पावलं न वाजवता मागे गेल्या, ओट्यावर पातेलं जोरात आपटलं, आणि मग आल्या. मास्तर ताठ बसले होते. मिशीला भात होता.

मग रोज तसंच. आधी पातेलं वाजायचं, मग मास्तरीणबाई यायच्या. काही दिवसांनी मास्तरांच्या ध्यानात आलं, की या घरात पूर्वी भांडी अशी कधी वाजत नव्हती. त्यांनी ताट अर्ध्यावरच बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खिशात मोठा चमचा घालून ते कारखान्यात गेले. वेल्डर ओरडला, "या मास्तर! हाताला वाळू भरायची विसरलात म्हणे!"

"तुझ्या डोक्यातली उसनी मागायला आलोय. तो बारीक पाईप घे, हातभर."

वेल्डरने पाईप आणून दिला. मास्तरांनी पाईपमध्ये वाळू ठासली, शिकंज्यात आवळला. तापवायची गॅसची ज्योत मात्र या हाताला पेलेना. त्यांच्या बेंडावर आजवर दुसऱ्या कुणाची ज्योत पडली नव्हती. ते शिकंज्याभोवती एक फेरी मारून आले.

"धर तू," म्हणाले. "मी सांगेन तिथं. आणि मी सांगेन तेव्हाच काढायची."

पाईप लाल झाला. मास्तरांनी खांद्याने जोर दिला. हात ताठच राहिला, पाईप मात्र लोण्यासारखा आत वळला. त्याच्या टोकाला वेल्डरने चमचा जोडला.

घरी मास्तरीणबाईंनी ते अवजार वरून खालून पाहिलं. "हे जेवायचं आहे की विहीर उपसायची?"

"वाढ."

मास्तरांनी ताठ हात पुढे केला. लांब दांडा वळून त्यांच्याकडेच परत आला. चमचा गालाला लागला, हनुवटीला लागला, अर्धा भात सदऱ्यावर सांडला. उरलेला तोंडात गेला. ते चावत राहिले, बराच वेळ.

"थोडा जास्त उघडलाय," म्हणत उठू लागले. "आत्ता जाऊन परत बेंड..."

"बसा हो! उद्या करा."

मास्तरीणबाईंनी पदराने त्यांची हनुवटी पुसली. मास्तरांनी पुसू दिली. मग पाय हलवत, दुसऱ्या घासासाठी त्यांनी चमचा पुन्हा ताटात घातला. स्वयंपाकघरात त्या दिवशी पातेलं वाजलं नाही.