महानदीच्या रेतीवर जेवलो

गोवऱ्यांचा धूर त्या दिवशी वर चढलाच नाही. महानदीच्या रेतीवर आडवा पसरून राहिला, आणि त्यात माणसं गुडघ्यापासून वरची तेवढी दिसत होती, जशी पाण्यात उभी असावीत. मी वांग्याच्या भाजीच्या गंजाजवळ पळी धरून उभा होतो. आदल्या दुपारपासून पोटात अन्न नव्हतं, त्यामुळे आपले पाय जमिनीला लागले आहेत की नाही, याची मला खात्री नव्हती.

उपाशी का, ते सांगतो. आतड्याची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर काढून दिलं. त्याच्यावर एक थैली चिकटवायची. जे पूर्वी खालून, आपल्या मर्जीने जायचं, ते आता तिथून येतं, त्याच्या मर्जीने. हवा पण येते, आवाजासकट. घरी मला त्याचं काही वाटत नाही. बूढापाऱ्यातल्या, तलावाकाठच्या माझ्या दोन खोल्यांत मी राजा आहे. पण चार माणसांत बसलो आणि ती बोलली, तर? या भीतीने वर्षभर मी घराजवळच्या गोल बाजाराच्या पुढे गेलो नव्हतो.

आमची विदर्भाकडून इकडे हिंदी मुलखात आलेली काही घरं दर हिवाळ्यात नदीवर रोडगे करायला जातात. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. निखारा माझ्याकडे असतो. मी चौथीच्या पुढे शिकलो नाही, पण रोडगा आतून झाला की कच्चा, हे नुसतं दाबून सांगतो. ऑपरेशनच्या वर्षी मी गेलो नाही. बायको जाऊन आली आणि म्हणाली, "औंदा जळाले सारे."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

या साली ती म्हणाली, "आता चाला. किती दिवस खिडकीतून तलाव पाहता?"

मी हो म्हटलं, आणि मनात बेत केला. खायचंच नाही. आत काही नसलं तर बाहेर काय येईल? दवाखान्यात थैली लावायला शिकवणाऱ्या दीदीने सांगून ठेवलं होतं, बाहेर जाताना थोडं थोडं खाऊन निघा बाबा, उपाशी राहिले तर उलट हवा भरते. ती माझ्या नातीच्या वयाची. मी हव हव म्हटलं आणि ऐकलं नाही.

बेताचा दुसरा भाग पंगतीचा. मांडी घातली की थैली चेपते, आणि शेजारी तर खांद्याला खांदा लावून बसतो. पण वाढणाऱ्याला कोणी बसवत नाही. तो शेवटी जेवतो, आणि शेवटी तो जेवला की नाही, हे पाहायला कोणी जागं नसतं. म्हणून पळी मी सोडणार नव्हतो.

सकाळी बस निघाली तेव्हा धुकं इतकं होतं की तलावाचा काठ कुठे संपला ते कळलं नाही. बायको शेजारी झोळा मांडीवर घेऊन बसली. झोळ्यात दुसरी थैली, पाण्याची बाटली, जुने पेपर, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. शहराबाहेर धान कापलेली शेतं लागली. उपाशी डोळ्यांना ती शेतं मागे पळताना दिसत नव्हती, वाहताना दिसत होती. एक बगळा एका बांधावर उभा होता. मला वाटलं, तोच बगळा प्रत्येक बांधावर आहे. मी बायकोला तसं म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शाल माझ्या पायांवर टाकली.

नदीला पाणी थोडं होतं, पलीकडच्या काठाला लागून, आणि मधे सगळी रेती. मी निखारा केला. रोडगे राखेत गाडले, उलटवले, दाबून पाहिले. त्या वेळात मी थैली विसरलो. हाताला चटके बसत होते आणि ते चटके मला ओळखीचे वाटत होते.

पंगत बसली. श्लोक झाला. श्लोक झाल्यावर पहिला घास तोंडात जाईपर्यंत जी शांतता होते, त्या शांततेत मी एका पानावर तूप सोडायला वाकलो, आणि माझ्या पोटाने आवाज दिला. लहान नाही. नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा, लांब. शर्टाखाली थैली फुगून वर आली होती.

सगळे थांबले. ज्याच्या पानावर वाकलो होतो तो माझा लहानपणचा दोस्त, रेल्वेतून रिटायर झालेला, चौबे कॉलनीत राहतो. तो म्हणाला, "कोणती गाडी आली रे?"

कोणीतरी हसलं. माझा मुलगा समोरून म्हणाला, "बाबा, आप बैठ जाओ ना." त्याला मराठी समजतं, पण बोलतो हिंदीच.

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं. बस झाडाखाली उभी होती. तिच्यात जाऊन बसायचं आणि पुन्हा घराबाहेर पडायचं नाही, हे माझं तिथल्या तिथे ठरलं होतं.

तेवढ्यात बायांच्या ओळीतून बायको बोलली. "त्यायचं पोट बोंबलून राह्यलं. कालपासून जेवले नाहीत."

"तुले कोणी सांगितलं?" मी म्हणालो.

"सांगाले कोण पाह्यजे? काल राती पोळ्या गाईले चारत होते, मी खिडकीतून पाह्यलं."

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"तुमी ऐकता का?"

आता सगळेच हसले. दोस्त उठला आणि त्याने माझ्या दुसऱ्या हातातली पळी ओढली. मी सोडली नाही. त्याने पुन्हा ओढली.

"दे इकडं. स्वतः खात नाहीस म्हणजे कच्चे असन तुहे रोडगे."

"कच्चे?"

"मले काय माहीत. भाजणारा खाऊन राह्यला नाही, आमी कसं खावं?"

मी पळी त्याच्या हातात दिली. त्याच्याच पानावरचा रोडगा उचलला आणि सगळ्यांच्या समोर फोडला. आतून वाफ आली. घास तोंडात घातला, आणि दुसरा, आणि मग मला थांबता आलं नाही. दोस्ताने रिकामा गंज उपडा करून माझ्या मागे सरकवला. डावा पाय लांब सोडून मी त्याच्यावर बसलो, पंगतीत सगळ्यांपेक्षा वर. भाजीत मीठ जरा कमी होतं. ती माझ्या हातची नव्हती.

जेवताना आवाज पुन्हा आला.

"डाऊन गाडी," दोस्त वाढता वाढता म्हणाला.

"तुह्या वेळच्या तर साऱ्या लेटच असत," मी म्हणालो. त्यानंतर कोणी मान वर केली नाही. वरण मागायला तेवढी केली.

जेवण झाल्यावर बायकोने झोळा उचलला. आम्ही पाण्यापासून दूर, बेशरमाच्या झुडपांमागे गेलो. मी रेतीत खड्डा केला. ती माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी शाल पसरून उभी राहिली, जशी वाळत घालायला आणली असावी. थैली रिकामी केली, पाण्याने धुतली, खड्डा बुजवला. "पाणी निळं दिसून राह्यलं," ती तिकडे तोंड करूनच म्हणाली. मी शालीच्या वरून पाहिलं. निळं होतं.

मग मी रेतीवर उताणा पडलो. रेती वरून ऊन, खालून थंड. पोट भरलेलं होतं, तरी सकाळचं ते वाहणं अंगातून गेलं नव्हतं. श्वासाबरोबर थैली शर्टाखाली थोडी वर यायची, खाली जायची, आणि नदीही तशीच आत-बाहेर होते आहे असं वाटायचं. बायको जवळ बसून रेती मुठीतून सोडत होती. भांडी घासण्याचा आवाज फार लांबून, दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता.

निखाऱ्याजवळ दोस्ताचा आवाज आला. राखेत एक रोडगा राहून गेला होता. तो कोणालातरी विचारत होता, झाला असेल का.

"इकडं आण," मी डोळे न उघडता म्हणालो.

त्याने तो माझ्या हातावर ठेवला. गरम होता. मी दाबून पाहिला, आणि अर्धा बायकोला दिला.