कुडात खोचलेला कप

आमच्या शेतकी कॉलेजातले सर मातीचे शास्त्रज्ञ, आणि इतिहास-विज्ञानावर सोपी पुस्तकं लिहायचे. कुठंही गेले तरी मूठभर माती पिशवीत भरून तिला गावाच्या नावाची चिठ्ठी लावायचे. "चिठ्ठी न्हाई तर नुसती धूळ बघा," म्हणायचे.

एकदा ताडकळसकडून व्याख्यान देऊन परतताना आम्ही वाटेत चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं लगबगीनं खुर्ची पुसली. सर मात्र बाहेरच थांबले. कुडाच्या भिंतीत खोचलेला, कान तुटलेला कप त्यांनी काढला, स्वतः विसळला आणि पुढं केला.

हॉटेलवाला घाबरला. "सायेब, त्यो नगा घेऊ! बौद्धवाड्यातल्या लोकायचा हाय."

"म्हंजे माझाच की. ओता."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. हॉटेलवाल्यानं घाईघाईत ओतला, चहा अर्धा जमिनीवर सांडला. ते शांतपणे प्याले, पैसे ठेवले आणि कप रुमालात गुंडाळून घेतला.

जीपमध्ये त्यांनी चिठ्ठी काढून गावाचं नाव लिहिलं. "पुढच्या पुस्तकात याचं चित्र लागंल."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काळ कोणता लिहिणार?"

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहिली.