आर्डिथच्या रायफलीचा दस्ता

माझी वहिनी आर्डिथ क्लेमर हिच्या तळघरात एकोणीस रायफली आहेत आणि एकीवरही धूळ नाही. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगराळ कोपऱ्यात बंदुका घरोघरी. पण चाप जड झाला, नेम डावीकडे जाऊ लागला, की माणसं हिच्याच दारात. पॅम हुबरचा खांदा मोडला तेव्हा हिने तिच्या काळ्या रायफलीचा दस्ता आखूड करून दिला, नळी हलकी बसवली. पुढच्याच महिन्यात पॅमने मला नेमबाजीत हरवलं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

आर्डिथचा जीव मात्र एका जुन्या लष्करी रायफलीत. कोरियाच्या लढाईतली, आठ गोळ्यांची. त्या लढाईआधीच लष्कराने दुरुस्त करताना तिच्यात चार कारखान्यांचे भाग कोंबले होते. आम्हा संग्राहकांत मान कुणाला, तर जिचा स्क्रूसुद्धा एकाच कारखान्याचा, त्या रायफलीला. एकाच कारखान्याचे भाग शोधत बारा वर्षं आर्डिथने बाजार पालथे घातले. काढलेला प्रत्येक भाग खाकी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवला. जुना लाकडी दस्ता तेवढा तिने माझ्या तसल्याच रायफलीला दिला.

"अर्धा इंच लांब आहे गं," मी म्हटलं. "कापतो."

"करवत लावलीस तर परत घेईन."

"लाकडाला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

सहा वर्षं मी मान वाकडी करून नेम धरला, आणि दर वेळी तिच्या नावाने बोटं मोडली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला. मी माझी रायफल तिच्याच शेजारच्या टेबलावर मांडली होती. तिथल्या जुन्या रायफलींच्या स्पर्धेत आर्डिथला आजवर चार वेळा दुसरं बक्षीस मिळालं होतं. या खेपेला सगळे भाग जुळले होते. पुढे कार्ड होतं, त्यावर रायफलीचा नंबर. पहिलं बक्षीस तिचंच, हे पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळणाऱ्या बायकासुद्धा बोलत होत्या.

परीक्षक दोन टेबलं पलीकडे असताना एक माणूस कार्डापाशी थबकला. वेंडल टटल, असं त्याने नाव सांगितलं. मग लगबगीने जाऊन चाकाच्या खुर्चीतल्या वडिलांना घेऊन आला. म्हातारा ऑरिन टटल, वय शहाऐंशी. कार्डाकडे न बघताच त्याने सातही आकडे म्हणून दाखवले.

"बायकोचा वाढदिवस विसरलोय मी," तो म्हणाला, "हा नंबर नाही विसरलो."

आर्डिथने रायफल त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने दस्त्यावरून हात फिरवला आणि तो थांबला.

"नंबर माझा आहे, पोरी. लाकूड माझं नाही. गाल टेकतो तिथे गाठ होती."

"बाबा, लष्कराने बदललं असेल," वेंडल म्हणाला.

"असेल. बुडाच्या पट्टीखाली मी खिळ्याने चार अक्षरं कोरली होती. माझ्या तुकडीतले चौघं होते ते. परत आले नाहीत."

ती गाठ मी सहा वर्षं गालाने घासत होतो. आर्डिथ माझ्या रायफलीकडे बघत होती.

"आधी परीक्षक होऊन जाऊ दे," मी तिच्या कानात म्हटलं. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"शहाऐंशीचा माणूस आहे तो, राल्फ. दहा मिनिटं कुणाकडे मागतोस?"

तिने दोन्ही रायफली खोलून दस्त्यांची अदलाबदल केली, मग पेचकसाने बुडाची पट्टी काढली. चार अक्षरं होती, मळाने भरलेली. म्हाताऱ्याने एकेकावर अंगठा ठेवून एकेक नाव घेतलं. मी अर्धा इंच कापला असता तर?

परीक्षक आला, वाकून बघू लागला. "हा दस्ता दुसऱ्या कारखान्याचा आहे, मॅडम."

"हो."

"मग ही स्पर्धेत बसत नाही."

"नाही बसत," आर्डिथ म्हणाली आणि कार्ड उलटं ठेवलं. ही माझी वहिनी आहे, असं त्या हॉलमधल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं मला वाटलं.

"घेऊन जा तुमची रायफल," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"वृद्धाश्रमात ठेवू देत नाहीत. तुझ्याकडेच राहू दे. पण एक अक्षर कोरायचं राहिलंय. माझं."

"आत्ता कोरू?"

"घाई कसली? अजून जिवंत आहे मी."

जानेवारीत वेंडलचा फोन आला. आर्डिथने मला तळघरात बोलावलं आणि दस्ता धरायला सांगितलं. लाकडावर साधा ओरखडा उठला तरी आठवडाभर न बोलणारी बाई ती. तिने खिळा घेतला आणि चार अक्षरांखाली पाचवं कोरलं. हात हलला नाही. डोळे मात्र तिने मनगटाने दोनदा पुसले. मग खाकी पुड्या सोडून बारा वर्षांत काढलेला एकेक भाग परत बसवला, ऑरिनच्या हातात होती तशी.

या मार्चमध्ये ती रायफल पुन्हा टेबलावर होती, स्पर्धेबाहेर. कार्डावर नंबराखाली दोनच ओळी होत्या.

मालक: ऑरिन टटल.
सांभाळते: आर्डिथ क्लेमर.