पाव्हण्यांचं जेवण

शके सतराशे अठ्ठ्याऐंशी. मी चोवीस वर्षांचा होतो आणि वावरातली खारी विहीर बुजवून तिथंही कापूस पेरायचं ठरवून बसलो होतो.

अकोल्याच्या एका कापूसवाल्या साहेबानं मुंबईहून आगगाडीनं समुद्राचे मासे आणले होते. ते काचेच्या हौदात राहत. त्यांना सांभाळणारा गडी सारखा माझ्या विहिरीवर यायचा आणि पाणी फडक्यानं गाळून त्यातले वळवळणारे किडे मडक्यात धरायचा. गोड्या पाण्यातले किडे हौदाच्या खाऱ्या पाण्यात मरत, आणि मेलेलं ते मासे खात नसत. माशांना तो पाव्हणे म्हणे. त्यांच्यासाठी त्यानं घरी सुकट वाटली, तर बायकोनं पाटाच अंगणात फेकला. पाव्हण्यांनी ती सुकटही खाल्ली नाही.

एका संध्याकाळी मी मातीची गाडी विहिरीशी आणली.

"काहून भाऊ?" तो म्हणाला. "पाव्हणे उपाशी मरतीन ना!"

"मरू दे. माह्या बापाचे पाव्हणे हायेत का?"

तो हसला. बोट बुडवून त्यानं पाणी चाटलं. "समुद्र असाच असन, नाही? तुमी पाह्यला?"

"नाही."

"मीबी नाही."

मग त्यानं मडक्यातले बारके किडे निवडून परत विहिरीत सोडले. "हे लहान हायेत. पुढच्या खेपेले नेतो," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती माती बांधावर नेऊन टाकली. घरच्यांनी विचारलं, तेव्हा बांध खचला होता म्हणून सांगितलं.