वाघरीतली वाट

आमच्या भागातल्या लग्नात नवरा-नवरीच्या नावांपेक्षा गाड्यांचे नंबर जास्त वेळा पुकारले जातात, आणि ते पुकारणारा मी. वरवंडच्या अलीकडं, सोलापूर हायवेला लागून सोपानरावांचं मंगल कार्यालय आहे. एरवी मी शाळेत शिकवतो, पण लग्न असलं की तिथला माइक माझ्या हातात. पाहुण्यांचं स्वागत करायचं, पुढाऱ्यांकडून आशीर्वाद मागून घ्यायचे, आणि मधेमधे अमक्या नंबरची पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी ती काढावी म्हणून घसा कोरडा करायचा. बारा वर्षं हेच करतोय. माणसं गाडीत बसली की त्यांना काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. घरून निघताना चांगली असतात.

या गाड्या लावून घेण्याचं काम हरिबाकडं. उंच, काटकुळा, डोक्याला तांबडा पटका, हातात खांद्याएवढी काठी. वय विचारलं तर म्हणायचा, “पानशेतच्या पुराच्या वक्ताला चालायला लागलो हुतो,” मग आपण हिशोब करायचा. उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. मग गुडघे गेले, मुलं कंपनीत लागली, मेंढरं विकली. सोपानरावांनी त्याला फाटकावर उभा केला आणि गळ्यात एक शिट्टी अडकवली. ती त्यानं एकदाही वाजवली नाही. “शिट्टी कुत्र्याला मारायची असती गुरुजी. माणसाला कशाला?” असं त्याचं म्हणणं.

पण गाड्या लावाव्यात त्या हरिबानंच. धनगर रानात मुक्कामाला थांबले की मेखा ठोकून मेंढरांभोवती जाळं बांधतात, त्याला वाघर म्हणतात. मेंढरं तिच्यात तोंड पुढं करून शिरतात आणि अंगाला अंग लावून उभी राहतात, मधे बोटभर फट राहत नाही. हरिबानं गाड्या तशाच लावल्या. फाटकातून आलेली गाडी सरळ पुढं, तोंड भिंतीला, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. एवढ्याशा आवारात दीडशे गाड्या बसायच्या. दुसऱ्या कार्यालयांचे मालक येऊन बघून जायचे आणि सोपानराव मिशीवर हात फिरवायचे. मी तर दोनदा माइकवरून त्याचं कौतुक केलं होतं. मेंढरू बाहेर पडताना जागच्या जागी वळतं आणि तोंड पुढं करून निघतं, गाडी मात्र पाठीनं निघते, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच कार्यालयात गिताबाई भांडी घासायची. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडानं तिखट. स्वयंपाकाची शेड हॉलच्या बाजूला आणि पाण्याचा हौद फाटकाजवळ, कारण बोअरला पाणी तिथं लागलं. म्हणजे एका लग्नात गिताबाई भांडी घेऊन चाळीस-पन्नास वेळा आवार ओलांडणार. तिला त्याचं काही नव्हतं. येता-जाता हॉलच्या दारात क्षणभर टेकायचं, नवरी बघायची, शालूचा रंग, नथ, हातावरची मेंदी सगळं टिपून घ्यायचं आणि हौदावर जाऊन इतर बायकांना साग्रसंगीत सांगायचं, हा तिचा खरा आनंद. अकरा वर्षांतली एकूण एक नवरी तिच्या ध्यानात होती. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरीची कोपराजवळची एक बांगडी पिचलेली होती, हेसुद्धा मला तिनंच सांगितलं.

मार्गशीर्षातलं एक लग्न होतं. आमच्याकडं एका दिवसात तीन-तीन लग्नं गाठायची असतात, त्यामुळं जेवणं उरकताच सगळे एकदम निघाले. सगळ्या गाड्या भिंतीकडं तोंड करून, म्हणून सगळ्याच पाठीनं मागं यायला लागल्या. गिताबाई डाळीचं रिकामं पातेलं कमरेवर घेऊन हौदाकडं चालली होती. एक गाडी तिनं चुकवली, आणि दुसऱ्या बाजूनं मागं आलेल्या जीपच्या चाकाखाली तिचा उजवा पाय सापडला. जीपच्या काचा वर होत्या, आत गाणं चालू होतं. बायका ओरडल्या तेव्हा ती थांबली.

तिला दौंडला दवाखान्यात हलवलं, आणि मी माझं काम केलं. माइक उचलला आणि म्हणालो, “महिलांनी आणि मुलांनी कृपया गाड्यांच्या मधून फिरू नये.” दोघांचौघांनी माना डोलावल्या. बाई मधे आली, असंच सगळे म्हणत होते. चूल एका टोकाला, हौद दुसऱ्या टोकाला, तिनं जायचं तरी कुठून होतं, उडत? पण त्या दिवशी हे मला सुचलं नाही. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आवार रिकामं झाल्यावर हरिबा माझ्याजवळ आला.

“गुरुजी, तुम्ही गिताबाईला बोल लावला. गाड्यांची तोंडं भिंतीला म्या केली हुती.”

“आबा, तुमचा काय दोष त्यात? चालवणारा दुसराच होता.”

“त्याला मागं डोळा न्हाई, हे म्या बघाया पायजे हुतं. मेंढरू कुठनं निघतंय ते बघून आमी वाघर लावतो. गाडी कुठनं निघती ते बघितलंच न्हाई.” एवढं बोलून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पाठ हलत होती, म्हणून मी दुसरीकडं बघितलं.

पुढच्या लग्नापासून हरिबानं गाड्या उलट्या लावायला सुरुवात केली. येतानाच मागं घेऊन लावायची, म्हणजे जाताना तोंड पुढं आणि समोर चालणारं माणूस दिसणार. येताना पाहुणे थोडे थोडे येतात, वेळ असतो. पण पाहुण्यांना हे कोण सांगणार? एकजण काच खाली करून म्हणाला, “आबा, मुहूर्त टळतोय.” हरिबा शांतपणे म्हणाला, “मुहूर्ताला गाडी लागत न्हाई, माणूस लागतंय. माणसं उतरू द्या, जाऊ द्या आत. तुम्ही गाडी उलटी घ्या.” लोक कुरकुरत का होईना, पण ऐकत. खांद्याएवढी काठी घेऊन एखादा म्हातारा हलायलाच तयार नसला की माणूस काय करणार.

गिताबाईचा पाय थोडं लंगडणं ठेवून बरा झाला, पण त्याचा तिला उपयोग झाला नाही. दर बाजारच्या दिवशी हरिबा तिच्या घरी जायचा, बरोबर म्हाळसानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बांधून दिलेलं काहीबाही. एकदा मीही गेलो. गिताबाई ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसली होती. बाजूनं शेळी आली तरी दचकत होती.

“आबा, मला आता तिथं न्हाई जमायचं,” ती म्हणाली. “चालाया लागले की वाटतंय, मागनं काय तरी येतंय. सारखी मान फिरवायची म्हंजी भांडं कसं धरू? कामाचं काय, खुरपायला बी जाईन. पर लगनं बघायची ऱ्हायली माझी.”

तिखट बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी हरिबा सोपानरावांपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, आवाराच्या मधून, फाटकापासून हॉलपर्यंत, चालणाऱ्यांसाठी वाट ठेवायची. दोन्ही बाजूंनी वाघर बांधायची. गाड्यांना पलीकडं जायला मधे एक फट, तिथं तो स्वतः उभा राहणार.

“आबा, पंधरा गाड्यांची जागा जाईल,” सोपानराव म्हणाले. “त्या काय माझ्या डोक्यावर लावू?”

“मागं ऊस तुटलेलं रान हाय, तिथं लावू.”

“आन् पाव्हण्यांनी तिथनं चालत यायचं?”

“समदी चालतच येत्यात मांडवात. गाडीत बसून कोण अक्षता टाकतंय?”

सोपानरावांनी मग अट घातली. एकच लग्न बघू. एका पाहुण्यानं जरी तक्रार केली तरी वाघर त्याच दिवशी निघणार आणि परत हा विषय नाही. हरिबा तसाच गिताबाईकडं गेला. तीही म्हणाली, “एक दिस येते. भ्या वाटलं तर मागं फिरंन, मग मला म्हणू नगा.”

वाघर म्हाळसाकडं होती. कधीतरी चार मेंढरं परत घेऊ, या आशेवर तिनं पाच वर्षं ती उंदरांपासून जपून माळ्यावर ठेवली होती. फाटली होती तेवढी विणून दिली.

वैशाखातलं लग्न. सकाळी सातलाच हरिबानं मेखा ठोकल्या होत्या आणि आवाराच्या मधोमध जाळ्याची गल्ली तयार होती. गिताबाई आली, लंगडत. पहिल्या खेपेला हरिबा तिच्या पुढं चालला. ती एका हातानं जाळी धरून, पावलागणिक मागं बघत, हौदापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन बसली. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं ती उठली. दुसऱ्या खेपेला तिनं जाळी सोडली. तिसरीला मला “काय गुरुजी, आज आवाज बसला व्हय” म्हणाली. मागं बघणं मात्र चालूच होतं.

म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बायका त्या वाटेनं सावकाश जात होत्या. कुणाची तक्रार नव्हती. लग्न लागलं, जेवणं सुरू झाली, आणि मग तालुक्यातले एक पुढारी आले. चार गाड्या, नेहमीसारखा उशीर. त्यांना पलीकडच्या बाजूला जायचं होतं, आणि हरिबा फटीत काठी आडवी धरून उभा होता.

सोपानराव हार घेऊन दारात ताटकळत होते. त्यांना घाम फुटला. “गुरुजी, पळा, हरिबाला म्हणावं वाघर काढ. साहेबांच्या गाड्या आडकल्यात.”

मी गेलो आणि निरोप दिला. हो, दिला. माइकवाल्याला दुसरं काय येतं.

“काढतो,” हरिबा म्हणाला. “ती पल्याड जाऊ द्या.”

बघतो तर गिताबाई भलंमोठं पातेलं कमरेवर घेऊन बरोबर त्या फटीत, गाड्यांच्या समोर उभी होती. समोरून एक म्हातारी आली होती आणि दोघींचं बोलणं चाललं होतं. नवरीच्या शालूवर. काठ मोराचे की कोयरीचे, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.

पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, चांगला लांब. गिताबाईचं अंग एकदम आकसलं. तिनं गाडीकडं बघितलं. आडव्या काठीकडं बघितलं. मग म्हातारीकडं वळून म्हणाली, “कोयरी न्हवं मावशे, मोरच. म्या जवळनं बघितलंया.”

पुढाऱ्यांना अजून दोन लग्नं गाठायची होती. ते वैतागून गाडीतून उतरले आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायी, त्या गल्लीतून झपाझप यायला लागले.

“दादा, जरा कडंनं जावा,” गिताबाई म्हणाली. “भांडं तेलकट हाय.”

पुढारी अंग चोरून जाळीला चिकटले. ती त्यांच्यासमोरून सावकाश, लंगडत हौदाकडं गेली. मागं बघितलं नाही. तोवर सोपानराव पुढं धावले आणि गळ्यात हार घालत म्हणाले, “माणसांसाठी वाट केलीया साहेब, खास.” पुढारी कपडे झटकत “चांगलं केलं” असं काहीतरी पुटपुटले, आणि सोपानरावांना तेवढं पुरलं. वाघर राहिली. सोपानरावांचा मला राग यावा की हसू, हे मी अजून ठरवलेलं नाही.

गाड्या पलीकडं सोडून हरिबा हौदावर गेला. मागोमाग मीही. गिताबाई राखेनं पातेलं घासत होती.

“भ्या वाटलं का गं?” त्यानं विचारलं.

“वाटलं की. हॉर्न वाजला तवा पातेलं टाकून पळावं वाटलं.” तिनं पातेलं उपडं केलं, वर पाणी ओतलं. “उद्याचं लगीन कितीला हाय?”

“साडेबाराला,” हरिबा म्हणाला, आणि सैल झालेल्या मेखा ठोकायला निघाला.