पान सत्तेचाळीसवरील शब्द

तो शब्द प्रथम वाचला माझ्या मेव्हण्यांनी, आणि मोठ्याने वाचला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या समाजाच्या मंडळाने छापलेली वधू-वर सूची त्याच सकाळी टपालाने जळगावच्या घरी आली होती. हिरवे मुखपृष्ठ, शाईचा वास अजून ओला. मेव्हणे अमळनेरहून आले होते. माझ्या मुलीसाठी तिकडचे एक स्थळ त्यांनीच सुचवले होते आणि बोलणी बरीच पुढे गेली होती. त्यांनी तिच्या नोंदीचे पान सत्तेचाळीस उघडले. जन्मतारीख, उंची, शिक्षण; यावल येथे शिक्षिका; रक्तगट. आणि रक्तगटापुढे एका स्वल्पविरामानंतर ‘वाहक’.

“काय दाजी, पोर एसटीमा लागनी का? आम्हले सांगं बी नही!”

आपल्याकडे हा शब्द सामान्य माणूस एकाच ठिकाणी वाचतो: एसटीच्या गाडीत, तिकीट देणाऱ्याच्या आसनापाशी. त्या काळी त्या आसनावर बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून विनोद अधिकच रंगला. माझी पत्नी हसली. मीही हसलो. मुलगी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “मामा, तुम्हाला अमळनेरपर्यंत फुकट सोडेन.” मग तिने वाकून सूचीतली ती ओळ वाचली आणि कप कोणाला न देताच ट्रे खाली ठेवला.

ती शाळेत विज्ञान शिकवीत असे. तिने शांतपणे सांगितले की हा शब्द रक्ताचा आहे. वर्षभरापूर्वी मंडळाच्या सभागृहात सिकलसेल या रक्तदोषाच्या तपासणीचे शिबिर झाले होते, आम्ही सगळे रांगेत उभे राहून बोटे टोचून घेऊन आलो होतो. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आजारी होते. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, पण दोष पुढे नेऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टर वाहक म्हणतात.

“तुला निकाल कधी कळवला?” मी विचारले.

“आत्ता,” ती म्हणाली.

आमच्या घराला जे कळले नव्हते ते छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळले होते. पत्नीने हळूच विचारले, “अहो, मग तो आपल्यापैकी कोणाकडून आला?” हा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात शिरला आणि पुढे कित्येक महिने जेवताना पानावर बसत राहिला.

पंधरवड्याने मेव्हणे पुन्हा आले. या वेळी त्यांनी पायरीवरच चपला काढल्या आणि बराच वेळ त्या नीट लावीत राहिले. “त्या लोके नही म्हनतस, दाजी,” ते म्हणाले. “बठ्ठासले मालूम पडी गये.” सगळ्यांना कळले होते. मुलाकडच्यांनी फोटो त्यांच्याच हाती परत पाठवला होता. पाकिटावर साधे नावही नव्हते.

त्याच आठवड्यात धुळ्याहून माझा धाकटा भाऊ आला. त्याला दोन मुली. दारातूनच म्हणाला, “नाना, तुझ्या पोरीचं छापलं म्हणजे माझ्या पोरींचंही छापलं. त्यांना तर सुईसुद्धा टोचलेली नाही!” मी त्याच्यावर ओरडलो, कारण तो खरे बोलत होता. घराचा पत्ता एकाचा असतो, पगार एकाचा असतो. रक्तातली गोष्ट एकाची सांगितली की अनेकांची सांगून होते, हे मला माझ्या भावाच्या संतापाने शिकवले.

धुळ्याच्या न्यायालयात मी अठ्ठावीस वर्षे कारकुनी केली होती. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. मंडळाला मी पोचपावतीसह रजिस्टर पत्र धाडले. पंधरा दिवसांत दुसरे, मग तिसरे. प्रत्येकाची स्थळप्रत कार्बन घालून फायलीत लावली. विनापरवानगी प्रसिद्धी, बदनामी, नुकसान, कार्यवाहांची वैयक्तिक जबाबदारी; परिच्छेदांना क्रमांक, क्रमांकांना उपक्रमांक. “सदर शब्द तात्काळ मागे घेण्यात यावा,” अशी मागणी मी तिन्ही पत्रांत अधोरेखित केली.

मंडळाने ती मान्य केली. एके दिवशी टपालाने एक गुलाबी चिटोरे आले. वर ठळक अक्षरांत ‘शुद्धिपत्र’. खाली: “पान ४७ वरील तिसऱ्या नोंदीत ‘वाहक’ हा शब्द अनवधानाने छापला गेला आहे. तो वाचू नये.” हे चिटोरे सूची मिळालेल्या प्रत्येक घरी पोहोचले होते. सावद्यापासून धुळ्यापर्यंत, ज्यांनी ती ओळ कधी पाहिली नव्हती किंवा पाहून एसटीचे समजून सोडून दिली होती, त्यांनी आता पुस्तिका शोधून पान सत्तेचाळीस उघडले.

मुलीने चिटोरे वाचून माझ्यापुढे ठेवले. “नाना, तुम्ही केस जिंकलात,” ती म्हणाली आणि यावलची बस गाठायला निघून गेली.

मी तडक कार्यवाहांकडे गेलो. निवृत्त मुख्याध्यापक, माणूस लबाड नव्हता, त्यामुळे भांडणे अधिकच अवघड होते. मी सूची त्यांच्या टेबलावर आपटली. “वधूंच्या नोंदीत रक्ताचा हा दोष छापता, आणि वरांच्या विभागात तो रकानाच नाही. हे कोणत्या न्यायाने?”

“मुलांचे पालक नको म्हणाले,” ते खाली मान घालून म्हणाले.

“आणि मुलींच्या पालकांना विचारलेत?”

ते उठले. कपाटातून शिबिराच्या अर्जांचा गठ्ठा काढला, त्यातला एक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “नाना, हे अक्षर कोणाचं?”

अक्षर माझे होते. त्या दिवशी रांग मोठी होती. अक्षर चांगले आणि अर्ज भरायची सवय, म्हणून घरातल्या सगळ्यांचे अर्ज मीच भरले होते. तळाशी बारीक टायपात छापले होते: ‘सदर माहिती समाजहितार्थ प्रसिद्ध करण्यास संमती आहे.’ त्याखाली मुलीच्या नावासमोर माझी सही, लफ्फेदार, दोन टिंबांसह. मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि माझ्यापासून चार हातांवर बोट पुढे करून उभी होती. सज्ञान पक्षकाराच्या जागी दुसऱ्याने सही केली म्हणून मी धुळ्यात किती प्रतिज्ञापत्रे परत फिरवली असतील!

घरी आलो. त्या शनिवारी ती आल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती रडली नाही, भांडलीही नाही. “मला वाटलं होतं की तुम्ही वाचून सही करता,” एवढेच म्हणाली. मी लगेच नवा मसुदा काढला: माझी संमती बेकायदेशीर होती, ती मी मागे घेतो, सबब माझ्या कन्येच्या वतीने...

तिने मसुदा वाचला, ‘कन्येच्या वतीने’ या शब्दांवर रेघ ओढली आणि कागद मला परत केला. “कोरा द्या,” म्हणाली.

तिने आतल्या खोलीत बसून पत्र लिहिले. बाहेर आली ती पाकीट चिकटवूनच. मला फक्त रजिस्टर करायला टपालात नेऊन द्यायचे होते. वाटेत मी ते दोनदा उजेडात धरले आणि दोन्ही वेळा लाजून खाली घेतले. पुढे महिन्याभरात कार्यवाह स्वतः घरी आले, तिच्या नावाचा एक जाड लखोटा तिच्याच हातात दिला, आणि मला नमस्कार करून चहा न घेता गेले. लखोट्यात काय होते ते तिने सांगितले नाही. मी विचारायला तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो.

त्या हिरव्या पुस्तिका मात्र घरोघर राहिल्याच. अजूनही कोणाकडे गेलो की माझी नजर आधी फडताळावर जाते. आजवर सात प्रती मी यजमानांना न सांगता पिशवीत घालून आणल्या आहेत. ही चोरी आहे. कलम मला ठाऊक आहे.

हे लिहिण्यापूर्वी मी मुलीची लेखी परवानगी घेतली. तिने मजकूर वाचून दोन परिच्छेद काढून टाकले. तिचे पुढे काय झाले, लग्न झाले की नाही, झाले तर कोणी काय तपासले, हे त्यांत होते. ती माहिती तिची आहे. माझ्या फायलीत त्या काळच्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत आहे. तिच्या पत्राची नाही.